समुद्राकडची खोली

मी शाळेत शिकवते, त्यामुळे आम्ही सुट्टीच्या गर्दीतच समुद्रावर जायचो आणि दरवेळी हॉटेलच्या स्वयंपाकघरामागची खोली पदरात पडायची. धाकटी जाऊ मात्र मी पेपर तपासत असताना त्याच हॉटेलात राहून आली.

"ताई, खिडकीतून थेट समुद्र! किनाऱ्यावर आम्ही दोघंच!"

माझा नुसता जळफळाट झाला. मीही आयुष्यात पहिल्यांदा ऐन सत्रात रजा टाकली आणि नवऱ्याला घेऊन निघाले. जाऊला मिळालेली समुद्राकडची खोलीच मिळाली. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मालक निवांत गप्पा मारायला बसला. आडनाव ऐकून त्यानं नातं विचारलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"तुमच्या जाऊबाई काय सुरेख गातात हो!"

समोर अख्खा समुद्र पसरला होता. मी उठून खिडकी लावून घेतली.