वरच्या आळीची विहीर

बदलापूरजवळच्या खरवईच्या पुढे, टेकाडाला टेकून चिकाळे नावाचं गाव आहे. वर आळी, मधे शेतं, खाली बौद्धवाडी. ही रचना कशी झाली हे सांगायला इतिहासाचा मास्तर नको. ज्यांना चांगलं पाणी हवं होतं ते वर बसले आणि बाकीच्यांना त्यांनी खाली बसवलं. वरच्या आळीची विहीर हरिचंद्रच्या अंगणाला लागून. घरोघर नळ आले तरी आळी पिते ते विहिरीचंच. हरिचंद्रची सून कीर्ती हिला सातवा महिना लागला होता आणि दुसरं कुठलं पाणी तिच्या पोटात ठरतच नव्हतं.

बौद्धवाडीतला राजरत्न भूगर्भशास्त्र शिकून उल्हास खोऱ्यातल्या भूजलाच्या पाहणीवर लागला होता. कुठल्या विहिरीचं पाणी जमिनीखालून कुठे जातं याचा नकाशा त्याला करायचा होता. तो रीतसर हरिचंद्रच्या ओटीवर आला.

"काका, आमच्या विहिरीत रंग टाकणार आहे. त्यानं अपाय होत नाही, तो फक्त पाण्याबरोबर चालतो. कुठे हिरवं पाणी दिसलं तर मला कळवा."

हरिचंद्र हसला. "मंग नदीवर जाऊन बस. पानी वरून खाली जातं, येवढं आमच्या म्हशीला पन ठाऊक हाय."

"जमिनीवरून जातं, काका. आत काळ्या कातळाच्या दोन थरांमधे तांबड्या मातीचा पट्टा आहे. पाणी त्यातून चालतं. तो पट्टा कुठल्या बाजूला उतरतो हे कुणीच बघितलेलं नाही."

ओटीवरचे सगळे हसले. सोमवारी राजरत्ननं वाडीच्या विहिरीत रंग ओतला.

बुधवारी त्याची गाठ पडली हरिचंद्रच्या मुलाशी, कीर्तीच्या नवऱ्याशी. अवधूतचा टेम्पो होता. अंबरनाथच्या एका कारखान्यातले वापरलेल्या रसायनाचे ड्रम उचलायचे आणि अंधारउजेडाची पर्वा न करता गावच्या नाल्यात सोडायचे, हा त्याचा धंदा. राजरत्न नाल्यात वाकून बाटली भरत होता. अवधूतनं बाटली मागितली, त्यानं दिली नाही. अवधूतनं टेम्पोतला चाकाचा पाना काढला. पहिला फटका कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज अवधूतनं ऐकला आणि, खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं. म्हणून त्यानं आणखी तीन घातले.

गुरुवारी वाडीनं पोलिसांत तक्रार दिली. त्याच दुपारी, वाडीतले पुरुष कामावर गेलेले असताना, अवधूत ड्रम घेऊन त्यांच्या विहिरीवर गेला. म्हातारी जनाबाई गोधडी धूत होती.

"बाला, नको करू," ती म्हणाली. "पानी हाय ते."

त्यानं तिला ढकललं. कपाळ काठावर आपटून फुटलं आणि गोधडीच्या साबणात रक्त मिसळलं. अवधूतनं तिच्याकडे न बघता ड्रम आडवा केला. विहीर फेसाळली, डोळे चुरचुरतील असा वास सुटला. आता वाडी या पाण्याला हात लावणार नव्हती, आणि त्याला तेच हवं होतं. उरलेलं जाईल खाली नदीला, त्याच्या बापाचं काय जातंय.

रविवारी सकाळी कीर्तीनं विहिरीतून बादली ओढली, ती काठावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. पाणी पोपटी होतं.

घटकाभरात आळी जमली. हा रंग वाडीतला, हे सगळ्यांच्या लक्षात आलं; पण राजरत्ननं सांगितलेलं कुणालाच आठवलं नाही. त्यांना वाटलं, वाडीवाल्यांनी इथे येऊनच रंग टाकला. "विहीर बाटवली," एक म्हातारा म्हणाला. हा शब्द लोक वर्षानुवर्षं मनातच म्हणत होते, त्या दिवशी तो तोंडावर आला. काठ्या निघाल्या. सगळ्यांत पुढे अवधूत होता.

हरिचंद्रनं हात आडवा केला. "आधी विहीर शुद्ध करू, मंग त्यांच्याकडं बघू. तीन पंप लावा. सगलं उपसा. उद्या पूजा घालू आन नव्या पान्याचा पयला तांब्या माझ्या सुनंला. पोटुशी बाई प्यायली की विहीर शुद्ध."

अवधूत घरामागे गेला. सोमवार ते रविवार त्यानं बोटांवर मोजले. मग गुरुवारपासून मोजले. ते येत्या बुधवारवर येऊन थांबले. बदलापुरात हॉस्पिटलात पडलेल्या राजरत्नला त्यानं फोन लावला, कारण दुसरं विचारायचं कुणाला?

"तू ड्रम ओतलास ते कळलंय मला," राजरत्न म्हणाला. "आणखी काय पाहिजे?"

"तुझा रंग आमच्या विहिरीत आलाय."

राजरत्न कसाबसा उठून बसला. "मग ड्रमसुद्धा तिथेच येणार. तेच पाणी आहे. फक्त पंप लावू नका. उपसा केला की लांबचं पाणी ओढलं जातं. दिवसांचं काम तासांत होतं."

"पंप लावलेत."

"मी काकांना फोन करतो. पण माझं कोण ऐकणार? तू सांग, अवधूत. बायको तुझी आहे."

राजरत्नचं नाव ऐकताच हरिचंद्रनं फोन कापला. आणि अवधूत? ज्याला हाड मोडताना बरं वाटलं, तो बापाला खरं सांगायला घाबरला. त्यानं दोनदा पंप बंद केला, दोनदा कुणीतरी चालू केला. कीर्तीला तो एवढंच म्हणाला, "उद्याचं पानी पिऊ नको."

"का?"

तो वळून पंपाकडे निघाला. "मामंजींनी सांगितलंय," ती म्हणाली आणि पूजेची भांडी घासायला बसली.

सोमवारी विहिरीत नवं पाणी आलं होतं, हिरव्याचा मागमूस नव्हता. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, धूप एवढा जाळला की दुसरा कसलाच वास येत नव्हता. हरिचंद्रनं तांब्या भरून सुनेच्या हातात दिला. तिनं तो ओठाला लावला, आणि अवधूतनं फटका मारला. तांब्या तिच्या दातांवर आपटून दूर गेला. तिचा ओठ फाटला.

हरिचंद्रनं मुलाच्या थोबाडीत मारली. मग अवधूतनं सगळं सांगितलं: ड्रम, वाडीची विहीर, जनाबाई, फोन. ज्या काठ्या वाडीसाठी काढल्या होत्या त्या त्याच्यावर बसल्या. चुलतभावांनी मारलं, शेजाऱ्यांनी मारलं. त्याचा दात तुटला, एक डोळा मिटला. तो काठाशी पडला आणि तरी बोलत राहिला, कारण आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता.

"पानी त्यांच्याकडनं येतं, बाबा. आजचं नाय, पयल्यापासनं. आजा पन तेच प्यायला. आपन सगले त्यांचंच पितो."

काठ्या थांबल्या. विष कालवलं हे ऐकून लोक चिडले होते. हे ऐकून त्यांची तोंडं पांढरी पडली. कुणी कुणाकडे बघेना. सगळे हरिचंद्रकडे बघायला लागले.

"खोटं बोलतंय," हरिचंद्र म्हणाला.

त्यानं स्वतः दोर सोडला, बादली वर घेतली आणि तांब्या भरला. धूप एव्हाना विझला होता; जवळ उभे होते ते नाकाला हात लावून मागे सरले. ड्रमचा तो वास अवधूतला जमिनीवर पडल्या पडल्या आला. त्यानं बापाचा पाय धरायला हात लांबवला, तर दोघांनी त्या हातावर पाय दिला. कीर्ती रक्ताळलेल्या ओठाला पदर लावून म्हणाली, "मामंजी, नका." इतकंच, आणि तेही हळू.

हरिचंद्रनं सगळ्या आळीकडे एकदा बघितलं. मग मान वर करून तांब्या एका दमात रिकामा केला. डोळ्यांना पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही. मिशी पुसली, आणि दुसरा तांब्या भरायला सांगितला.