तिसऱ्या खुंटीवरचं सूप

“हे सूप कोणाचं?” कामगार न्यायालयातून पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

मूल गावातल्या त्या राईस मिलच्या भिंतीला अकरा खुंट्या होत्या. दहा सुपं बायांच्या हातात, तांदूळ पाखडणं चाललेलं. तिसऱ्या खुंटीवर मात्र एक सूप तसंच टांगलेलं, कोंड्याने माखलेलं.

केसरबाई दाराशी उभी होती. उजवा हात तान्ह्या लेकरासारखा पदरात धरलेला. दिवाळीनंतर पोत्यांची थप्पी त्या खांद्यावर कोसळली, त्याला सात महिने झाले. मालक म्हणत, बाईनं दिवाळीआधीच काम सोडलं, खांदा घरी पडून मोडला. हजेरीतून नावच गायब. भरपाईचा दावा एवढ्यावरच अडला होता.

“काय मालूम जी,” मुकादम रामाजी म्हणाला. तो मालकाचा साक्षीदार. “राह्यलं असंन कोणाचं.”

“म्हणजे काम सोडणाऱ्या बायांची सुपं इथंच राहतात?”

रामाजीला ते लागलं. तीस वर्षं हा ओटा त्याने राखला होता.

“हट्! असं कसं? काम सोडलं का बाई आपलं सूप घरी नेते. दुसरीच्या सुपाले कोणी हात लावत नाई. माह्या ओट्यावर रिवाज म्हंजे रिवाज!”

बायांतल्या मंगलीचं पाखडणं थांबलं. मग एकेक करत दहाही सुपं थांबली.

साहेबांनी सूप उलटं केलं. काठ निळ्या चिंधीने शिवलेला. केसरबाईने आपल्या निळ्या लुगड्याचा पदर पुढे केला. तेवढाच तुकडा तिथून फाडलेला.

“रामाजीभाऊ,” मंगली म्हणाली, “आज तुमी बी पाखडलं बाप्पा! कोंडा उडाला, दाणा राह्यला.”

बाया हसल्या. रामाजी खाली पाहू लागला. साहेबांचा पेन चालूच होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी निकाल लागला. भरपाई मंजूर.

“जितली वो केसरबाई!” मिलमध्ये गलका झाला. ती सूप न्यायला आली होती. मंगली खुंटीकडे धावली.

“राहू दे वो. मीच काढतो,” केसरबाई म्हणाली.

उजवा हात छातीपर्यंत आला नि थांबला. मग टाचा उचलून तिने डाव्या हाताने सूप काढलं, उजव्या हाताच्या बोटांनी काठावर दोन टिचक्या मारल्या. कोंडा उन्हात उडाला.

बायांची वाट मागच्या दाराने. केसरबाई सूप कमरेला लावून मालकाच्या ऑफिसापुढून, मोठ्या फाटकातून निघाली. हळूच. तिला कसलीच घाई नव्हती.