चिमणीच्या समोर बसून

मिस्त्रींनी उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं. निवृत्त झाल्यावर घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच उरले. मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. वय चाळिशीकडे झुकलेलं, समज मात्र लहान पोरीची. आई गेल्यापासून तिची आंघोळ, वेणीफणी, जेवणखाण सगळं मिस्त्रीच बघायचे.

म्हातारपण लांबवता येतं का, हे तपासायला एका दवाखान्याला माणसं हवी होती. मिस्त्री तडक गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. रोज एक गोळी घ्यायची. तिच्यात औषध आहे की काहीच नाही, ते त्यांनाही ठाऊक नसणार. शिवाय दर महिन्याला पाच दिवस अर्धपोटी राहायचं. दवाखान्याच्या पाकिटातलं पातळ सूप, सुकी बिस्किटं, बिनसाखरेचा चहा. एरवी नेहमीचं जेवण.

"यानं आयुष्य वाढेलच असं नाही हं, काका. तेच तर शोधतोय आम्ही."

"शोधा की. मी कुठे पळून चाललोय?"

धाकट्या बहिणीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, या वयात नवरदेव व्हायचंय की काय?" मिस्त्री नुसते हसले.

उपासाच्या पहिल्या दिवशी त्यांनी चिमणीला बटाटे आणि अंडं वाढलं, स्वतः सूप घेऊन बसले. चिमणीनं वाटीत डोकावून पाहिलं.

"बाबांचं जेवण कुठंय?"

"हे काय, सूप आहे ना."

"ते पाणी आहे." तिनं ताट ढकलून दिलं.

बाबांनी घास घेतला की आपण घ्यायचा, अशी तिची सवय. ती इतकी जुनी की मिस्त्रींच्या ध्यानातही नव्हती. त्यांनी दटावलं, लाडीगोडी लावली. चिमणी हटून बसली. दुसऱ्या दिवशी नुसतं दूध प्यायली. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना तिचे पाय लटपटले आणि तिनं बेसिन घट्ट धरलं. मिस्त्रींनी तिला खुर्चीत बसवलं, भराभर दोघांसाठी अंडी उकडली आणि तिच्यासमोर बसून खाल्ली. चिमणी वखवखल्यासारखी जेवली.

मग ते तिला घेऊनच दवाखान्यात गेले.

"बाई, मोडला मी उपास."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला यात यायचं तरी का होतं?"

"मला हिच्यापेक्षा एक दिवस जास्त जगायचंय. त्यापुढे नको."

बाईंनी चिमणीकडे पाहिलं. "तशी खात्रीची गोळी माझ्याकडे नाही, काका. असती तर कधीच दिली असती." मग म्हणाल्या, "ही दुसऱ्या कुणाबरोबर जेवतच नाही?"

"नाही. म्हणजे... कधी बसवलंच नाही."

बोलून गेल्यावर मिस्त्रींना स्वतःचंच उत्तर टोचलं.

तिथून ते थेट बहिणीकडे गेले. बहीण आधी उखडली. "एवढी वर्षं मी काय परकी होते?" मग डोळे पुसत म्हणाली, "आण तिला दर रविवारी."

पहिल्या रविवारी चिमणीनं चमचा फेकला. पुढच्या रविवारी रडली. मिस्त्री जिन्यात बसून सगळं ऐकत आणि उठून आत जायचा मोह आवरत. एकदा कंटाळून आत्यानंच चिमणीच्या ताटातला बटाटा उचलून तोंडात टाकला.

"ए, माझा आहे तो!" चिमणी ओरडली आणि उरलेले बटाटे तिनं घाईघाईनं स्वतःच्या तोंडात कोंबले.

तेव्हापासून आत्या दर रविवारी आधी चोरी करायची. आतली भांडणं आणि हसणं जिन्यात ऐकू यायचं. मिस्त्रींना हायसं वाटायचं, आणि आपल्यावाचून तिचं अडत नाही म्हणून आत कुठेतरी तुटायचंही.

गोळी ते अजून घेतात. उपास मोडणाऱ्यांचीही नोंद लागते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणून तपासणीलाही जातात.

परवा बहीण म्हणाली, "दादा, मी तरी कुठे अमरपट्टा घेऊन आलेय? आता माझ्या सुनेला बसवू तिच्यासमोर."

सून बसली. तिला काही चोरी जमली नाही. चिमणी नुसता पाव खाऊन उठली.

"पाव तर खाल्ला," मिस्त्री म्हणाले.