पात्याच्या टोकापर्यंत

"चिंधूबाबू, टेप पुन्हा एकडाव लावा जी," देवकाबाई म्हणाली. "माह्या भिंतीपासून तीसच फूट काऊन भरून राह्यले?"

कचेरीतले कारकून चिंधू सोमकुंवर यांनी टेप पुन्हा लावला. तीसच! तिगावजवळच्या त्या वस्तीला लागून रघुनाथरावांची संत्र्याची बाग. तिथल्या विहिरीपाशी पाणी उपसायच्या पवनचक्कीचा खड्डा खोदला होता आणि कुंपणाअलीकडे म्हातारीचं कौलारू घर.

"तुमी तं अडतीस म्हनलं होतं न?"

म्हटलं होतंच. खांब तीस फुटांचा, वर पातं आठ फुटांचं. वावटळीत चक्की आडवी झालीच, तर पातं कुणाच्या छपरात घुसू नये. म्हणून उंची मोजायची ती उभ्या पात्याच्या टोकापर्यंत, आणि घर तेवढं लांब हवं. पवनचक्क्यांच्या शहाऐंशी सालच्या नव्या नियमांत ही व्याख्या चिंधूंनीच आठवडाभर डोकं शिणवून लिहिली होती. मुलूख मध्य प्रदेशातला, म्हणून कचेरीचा कागद हिंदीत, वस्तीची बोली मराठी. अठरा वर्षं चिंधू कागद मराठीत समजावून सांगत आणि लोक बिनघोर अंगठा लावत. हाही मसुदा त्यांनी वस्तीतल्या बुद्धविहारासमोर तसाच वाचला होता.

ते सायकल हाणत पांढुर्ण्याला कचेरीत आले. नियमांची टाइप केलेली प्रत काढली. उंची, जमिनीपासून खांबाच्या माथ्यापर्यंत! पातं गायब. मागे जोडलेल्या पानावर वस्तीच्या संमतीचे बावीस अंगठे मात्र जिथल्या तिथे.

बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, यशवंतराव विड्याचं पान जुळवत बसले होते. याच माणसासोबत चिंधूंनी रोज डबा वाटून खाल्ला होता.

"साहेब, पातं कोनं खोडलं?"

"म्या. रघुनाथरावांची विहीर तिथंच हाये. थे का उचलून नेता येते?"

"मंग मले सांगाचं होतं! म्या लोकाइले दुसरंच वाचून देल्लं न."

"म्हनून तं तुले धाडलं, बाप्पा. म्या गेलो असतो तं एक अंगठा भेटला नसता."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. चिंधूंना संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. आपण आपल्याच माणसांना फसवायच्या कामी आलो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही!

रविवारी ते वस्तीत गेले. कलेक्टरांच्या नावे तक्रार लिहून नेली होती, खाली स्वतःची सही ठोकली होती. नोकरी जायची तर जावो. झाला प्रकार काही न लपवता सांगितला आणि तक्रार मराठीत समजावली. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

देवकाबाईनं कागद त्यांच्या हातून घेतला आणि आठवी शिकलेल्या सुनेकडे दिला. सुमननं पदरानं हात पुसले आणि एकेक ओळ वाचली. तोवर चिंधू बाजेच्या कडेला, मांडीवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे थांबले.

"यानं सांगतलं थेच लिवलं हाये न?" म्हातारीनं सुनेला विचारलं.

"थेच हाये, माय."

"नीट पाह्यलं?"

चिंधूंनी मान खाली घालून अंगठ्यांसाठी शाईची डबी उघडली.