शलाकाला परत द्या

वैष्णवीनं चौथा खिळा ठोकला आणि चादरीचं शेवटचं टोक त्यात अडकवलं. सकाळचे साडेदहा वाजले होते, तरी स्वयंपाकघरात तिन्हीसांज झाली. खाली नणंद रूपल एका हातानं स्टूल धरून आणि दुसऱ्या हातात खिळ्यांची डबी घेऊन उभी होती.

"अजून एक देऊ का, वहिनी?"

"नको. बाहेरनं काय दिसत नाय ना, तेवढं बघ."

रूपल मागच्या दारानं गेली. तिच्या डाव्या रबरी पावलाचा फरशीवर वेगळा आवाज यायचा, घरात तिला न बघताही ओळखायचे. जरा वेळानं ती परत आली.

"काय दिसत नाय," ती म्हणाली आणि कारखान्यात पाळीला जायच्या आधी आंघोळ उरकायला आत गेली.

ओट्याशी सासू भागी कोलंबी सोलत होती. "पाहुण्यांची चादर ती," ती म्हणाली. "आता पाहुणे आले की त्यांना खिडकीतच झोपवू."

"दुसरी सापडली नाय, आई."

"मी काय बोलले का? चार भोकं काय, चाळीस पाड."

वैष्णवी स्टुलावरून उतरली. हातोडी मात्र तिनं हातातच ठेवली.

पहिला फोटो मंगळवारी तिच्या फोनवर आला होता, एका बिननावाच्या खात्यावरून. मागच्या पानवेलीतून काढलेला. विड्याच्या पानांच्या दोन वेलांमधून हीच खिडकी, आणि खिडकीत चित्राच्या पाटावर वाकलेली वैष्णवी, कानावर पेन्सिल खोचलेली. खाली एक ओळ: शलाकाला परत दे. गुरुवारी दुसरा आला, जास्त जवळून. त्यात दोरीवर वाळत घातलेला लेकीचा, स्नेहाचा, शाळेचा फ्रॉकही होता.

शलाका तीस वर्षं जुनी होती. मुलांच्या एका पाक्षिकातल्या चित्रकथेतली यंत्रबाई. चंदेरी अंग, मुठीत मावेल अशी कंबर, लाल ओठ. हात तुटला की दुसरा बसवायची, पाय उडाला की फळीवरून नवा उतरवायची आणि पुढच्या चौकटीत आगगाडीच्या पुढं पळायची. जुने चित्रकार वारले. संपादक प्रणवनं काम माकुणसारच्या या सुनेला दिलं, आणि वैष्णवीनं शलाकाची कंबर रुंद केली. खांद्यावर गंज चढवला. तिला बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगला लावलं. आता शलाका फ्रिज उघडून उभी राहायची आणि कशाला उघडला ते विसरायची, जिना उतरताना कठडा धरायची आणि पर्यवेक्षकाला सांगायची, "आज बॅटरी नाय हाय, उद्या बघू."

लोक असे खवळले, की जणू तिनं गावदेवीलाच नाइटी घातली. यंत्राला कधी कंबरदुखी होते का, एकानं विचारलं. एकजण म्हणाला, माझं बालपण भंगारवाल्याला विकलंस, किलोवर भाव तरी काय मिळाला? तीन हजार जणांनी 'शलाकाला परत द्या' असा गट काढला. तारापूरच्या एका बाईनं लिहिलं, की माझी आई अशीच फ्रिजपाशी उभी राहते, मी हे पान तिला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो. तिला पहिल्या तासातच दीडशे शिव्या पडल्या. प्रणवचा फोन आला होता, सोमवारपर्यंत ठरव, जुनी शलाका काढतेस की दुसरं कोणी बघू.

शिव्यांना वैष्णवी भ्यायली नव्हती. शिव्या दूरच्या होत्या, पुण्याच्या, नागपूरच्या, दुबईच्या. पानवेल मात्र घरापासून वीस पावलांवर होती.

नवऱ्यानं, धीरजनं, पोलिसांत नेलं तेव्हा तिथल्या साहेबांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "पानं चांगली आलीत. जुडी किती रुपये चाललीय सध्या?"

भागीचं म्हणणं वेगळं होतं. बुधवारी जेवताना तिनं सांगून टाकलं, की पानवेलीत विहिरीतली बाय येते.

"कोण बाय?" वैष्णवीनं विचारलं.

"असते एक. माझ्या सासूनं बघितलीय. उंची ताडाएवढी. एकदा तहान लागली तिला, तर अख्खी विहीर प्यायली आणि वर ढेकर दिला, तो केळव्यापर्यंत ऐकू गेला. बोटी परत आल्या, वादळ आलं म्हणून."

स्नेहा खिदळली.

"हसतेस काय. तिच्या पायाचा ठसा तरण्या बाईनं बघितला की पाय जड होतात. म्हणून सांगते वैष्णवी, आठवडाभर तू वेलीत फिरकू नको. पाणी मी लावीन."

आणि खरंच, उठता-बसता ज्या गुडघ्यांना शिव्या द्यायची तेच गुडघे घेऊन भागी रोज सकाळी पाण्याचा पाइप ओढत पानवेलीत जायला लागली होती.

आता वैष्णवीनं हातोडी ओट्यावर ठेवली आणि चहाचं आधण चढवलं. तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो लगेच उचलला नाही. आधी गॅस बंद केला. पदराला हात पुसले.

फोटोत बाहेरून दिसणारी खिडकी होती. खिडकीत पाहुण्यांची चादर, चार खिळे. खाली लिहिलं होतं: चादर लावून काय होणार?

"आई," ती म्हणाली. तिनं फोन पुढं धरला. "तो आता इथं हाय. आत्ता."

भागीनं कोलंबी तशीच टाकली. ती चटकन उठली. ज्या बाईला मोरीतून उठायला दोन माणसं लागायची, ती अशी उठली की पाट उलटा झाला. "तू बस. कडी लाव. मी बघते," म्हणाली आणि मागच्या दारानं निघाली. जाताना तिनं कोयता घेतला नाही, काठी घेतली नाही. पाइप घेतला.

वैष्णवीनं कडी लावली. पाठ दाराला टेकून ती उभी राहिली. बाहेर पंपाचा आवाज सुरू झाला. मग पाणी पडायचा. तिच्या मनात आलं, चोर आलाय आणि ही बाई झाडांना पाणी घालतेय.

ती तशीच थांबली असती. पण स्नेहाची शाळा शनिवारची अर्धी, साडेअकराला सुटायची, रिक्षा पोरीला या मागच्या वाटेनंच आणून सोडायची. तिनं कडी काढली.

पानवेलीच्या तोंडाशी तिनं चपला काढल्या. इथं सगळेच काढतात. वेलीत देव असतो म्हणा किंवा रोग आत जातो म्हणा, चप्पल घालून कोणी आत शिरत नाही, परगावचा मजूर पहिल्या दिवशी चुकतो आणि शिव्या खातो. आत गारवा होता. पानांमुळं ऊन हिरवं झालं होतं. भागी पाठमोरी उभी होती, पाइपचं तोंड जमिनीकडं धरून, आणि पाण्याचा जोर एका जागी सोडून पायानं चिखल सारखा करत होती.

तिच्यापुढच्या सरीत अजून पाणी पोचलं नव्हतं. तिथं ठसे होते.

वैष्णवी बुटाचे ठसे शोधत होती. हे अनवाणी पावलांचे होते. म्हणजे तो इथलाच होता. तिला घाबरवायला आला, आणि येताना वेलीबाहेर चपला काढून आला.

मग ती खाली बसली. उजवं पाऊल माणसाचं होतं, अंगठा रुतलेला, करंगळी जरा बाहेर. डावं वेगळं होतं. बोटांच्या मध्ये चिखल वर आलाच नव्हता. टाच, तळवा, बोटं, सगळं एकाच खोलीचं, आणि पुढचं डावं पाऊल हुबेहूब मागच्यासारखं, शिक्का मारल्यासारखं. तीन, चार, पाच. खिडकीसमोर दोन वेलांच्या मध्ये ते पाऊल बराच वेळ उभं राहिलं होतं.

पाइपचं पाणी भागीच्या पायावरच पडत राहिलं.

"आई, तुमाला माहीत होतं."

"मला काय माहीत असणार? मी म्हातारी बाई." भागी वेलीकडं बघत होती. "मंगळवारपासून पुसतेय. गुडघे गेले माझे."

"मला सांगायचं."

"काय सांगायचं? सुनेला मुलीचं, की मुलीला सुनेचं? मला वाटलं, निवळेल आपोआप. पोरगी माझी वाईट नाय." तिनं पंप बंद केला. "विहीर पिणारी बाय तुला खरी वाटली नाय, ते पण मला दिसत होतं."

रूपल खोलीत पलंगावर बसून पायाला पट्टा बांधत होती. कारखान्याच्या प्रयोगशाळेचा निळा कोट इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता, फोन टेबलावर चार्जिंगला होता. वैष्णवीच्या पायांचा चिखल तिनं बघितला आणि तिची बोटं पट्ट्यावर थांबली.

"पाळीला किती वाजता निघतेस?" वैष्णवीनं विचारलं.

"साडेबाराची बस."

"मग वेळ हाय." वैष्णवी जमिनीवरच बसली. "चार रात्री झोपले नाय मी. काल भाजी चिरताना सुरी उशीखाली ठेवायचं मनात आलं. तू स्टूल धरून उभी होतीस."

रूपल पट्ट्याचं बक्कल चाचपत राहिली.

"बोल ना. लिहिताना तर बोलतेस."

"सहाव्या पानावर ती जिना उतरते," रूपल म्हणाली. "आधी कठडा धरते. मग उजवा पाय एक पायरी थांबतो आणि डावा मागनं येतो. ते माझं उतरणं हाय, वहिनी."

"हो."

"आमच्या लॅबमधल्या भाग्येशनं सगळ्यांना दाखवलं. म्हणाला, बघा, डिट्टो रूपल. हसले सगळे. मी पण हसले."

"मला वाटलं, तुला बरं वाटेल. तुझ्यासारखी कोणीतरी पुस्तकात आली म्हणून."

"पुस्तकात मी होतेच." रूपलनं पट्टा ओढून घट्ट केला. "बारा वर्षांची होते. टेंपोनं पाय गेला. बाबा दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी अंक आणायचे. तिचा पाय उडायचा, ती दुसरा बसवायची आणि पळायची. चार महिने मी तेच वाचलं. मला सगळ्यांनी सांगितलं, सावकाश चाल, जपून चाल. ती एकटी पळत होती. तू तिला पण कठडा धरायला लावलंस. आणि मला विचारलं पण नाय."

बाहेर भागीनं पातेलं आपटलं, काहीतरी करतेय हे दोघींना कळावं म्हणून.

"विचारायला पायजे होतं," वैष्णवी म्हणाली.

"मंगळवारी फोटो पाठवला आणि लगेच वाटलं, सांगून टाकावं. तू इतकी पांढरी पडलीस की मग सांगता आलं नाय. मग दुसरा पाठवला." रूपल पहिल्यांदा रडवेली झाली. "असं कसं होतं माणसाचं, मला पण समजत नाय."

वैष्णवीला एकदम हसू आलं. चार दिवसांची भीती अंगातून खाली उतरत होती, आणि ती जाताना गुदगुल्या करत होती. "पाहुण्यांच्या चादरीला चार भोकं पाडली मी," ती म्हणाली. "डबी तूच धरलेली."

"अजून एक देऊ का, पण विचारलं."

दोघी हसल्या. जरा वेळ हसल्या. वैष्णवीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "सोमवारी प्रणवला काय सांगायचं ते आपण दोघी ठरवू. तिला पळवायची असली तर पळवू. पण गंज मी काढणार नाय."

"गंज राहू दे," रूपल म्हणाली. "गंजलेली पळाली तर बरंच हाय."

वैष्णवीच्या मांडीवर फोन वाजला.

तिनं हसत हसतच उचलला. एक फोटो होता. स्नेहाच्या सफाळ्याच्या शाळेचं निळं फाटक, त्यावरचा वेळापत्रकाचा फळा, आणि आतल्या चिंचेखाली दुसरीच्या मुलींची रांग. खाली लिहिलं होतं: किती वाजता सुटते?

तिनं वर बघितलं. रूपलचे दोन्ही हात पट्ट्यावर होते. तिचा फोन टेबलावर होता, चार्जरला लावलेला, काळा.

"काय झालं?" रूपल म्हणाली.

वैष्णवीनं स्क्रीन तिच्याकडं वळवली. रूपलनं वाचलं. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग तिनं नाही म्हणून मान हलवली, एकदा, अगदी हळू.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. रूपलनं निळा कोट तिथंच सोडला आणि किल्ली घेतली. मागं दोन जादा चाकं लावलेली तिची स्कूटर गावात कासव म्हणून प्रसिद्ध होती. त्या दिवशी माकुणसारच्या वळणावर तिनं एसटीला मागं टाकलं. वैष्णवी मागं बसून धीरजला फोन लावत होती. तो कामावर मशीनवर होता, फोन वाजत राहिला.

शाळेसमोर त्या पोचल्या तेव्हा घंटा व्हायची होती. फाटकाशी दहा-बारा माणसं उभी होती. रिक्षावाले, कोणाचे बाबा, कोणाचे मामा, चाळिशीच्या अलीकडले-पलीकडले. लहानपणी कोणी काय वाचलं होतं ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं नव्हतं. एकानं ओळखीचं हसून रूपलला वाट करून दिली.

घंटा झाली. पोरी चिंचेखालून पळत सुटल्या. सगळ्यांनी खिशातून फोन काढले, काहींनी वेळ बघायला, काहींनी आपापल्या पोरींचे फोटो काढायला, आणि वैष्णवी एकेकाच्या हाताकडं बघत फाटकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.