तपकिरी बाटली

मित्राच्या मुलीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी उत्तर दिलं नाही. चारदा लिहायला बसलो, चारही वेळा पहिल्याच ओळीत अडकलो.

"काका," तिनं लिहिलं होतं, "बाबा गेल्यावर त्यांची नाणी माझ्याकडे आणली. सगळी काळवंडलीत. पेटीत एक तपकिरी बाटली आहे, आत पांढरे खडे. वर तुमच्या अक्षरात 'फक्त नाण्यांसाठी' असं लिहिलंय. पाण्यात किती घालायचे? महिनाअखेरच्या रविवारी मुलींना घेऊन नाणी धुवायला बसणार आहे. फोन बदललाय, नंबर नंतर कळवते."

दशमान पद्धत येण्यापूर्वीची ती कांस्य नाणी आम्ही दोघांनी वीस वर्षं जमवली. तेव्हा काही छांदिष्ट नाणी उजळायला सोनाराकडचं सायनाइड वापरत. आम्हीही वापरलं. लखलखीत केलेल्या नाण्याला जाणकार नाक मुरडतात, हे फार उशिरा कळलं.

बाटलीवर मी 'विष' लिहायला घेतलं होतं. मित्र म्हणाला, "अरे बाबा, बायकोनं वाचलं तर बाटलीमागोमाग मलाही घराबाहेर काढेल!" आम्ही हसलो. मी शब्द बदलला.

आता हे त्याच्या मुलीला कोणत्या तोंडानं सांगू? शिवाय वाटायचं, बाटलीत भलतंच काही असेल, माझीच आठवण दगा देत असेल. पोरीला उगाच कशाला घाबरवा?

आज शुक्रवारी सकाळी बायकोच्या हाती ते पत्र लागलं.

"अहो, हा रविवार म्हणजे परवाचाच की!"

"मसुदा तयार आहे. फक्त सुरुवात जरा..."

"सुरुवात गेली खड्ड्यात! 'विष आहे, हात लावू नका', एवढंच लिहा."

तेवढंच लिहिलं. मुलीचा जुना नंबर लागेना. बायको डायरीतल्या एकेका जुन्या ओळखीच्या माणसाला फोन लावत बसली आणि मी पोस्टात धावलो.

"उद्या पोचेल ना?" मी विचारलं.

खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला. "एवढ्या लांब? जलद टपालानंसुद्धा सोमवार उजाडेल, आजोबा. जरा आधी यायचं होतंत."

मी पैसे सरकवले. त्यांनी शिक्का मारला आणि लिफाफा मागच्या गोणीत टाकला.