गोपालची सही

“अंगठा असा रगडू नका, तानाबाई. भाकर थापून राह्यल्या काय? नुसता टेकवा.”

म्हातारीनं अंगठा टेकवला. नानाजींनी त्यावर आपली दोन बोटं ठेवून हलकेच भार दिला आणि अलगद सोडला. संमतीपत्रावर जांभळा, रेघ न् रेघ दिसणारा ठसा उमटला. नातवाला शाळेत पाठवायला आपण स्वखुशीनं तयार आहोत, असं तानाबाईंनी सरकारला कळवून टाकलं.

“यानं पोट्ट्याले काही होत तं नाई न, बाप्पा?”

“कागदानं पोट्ट्याले काय होते? कागदानं मले पायपीट होते.”

नानाजी भोयर निमखेड्याच्या शाळेचे शिपाई. अठ्ठावीस वर्षं झाली. पाचवी ते आठवीची शाळा, चार खोल्या, एक व्हरांडा आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. गावात निम्मे लोक सही करणारे आणि निम्मे अंगठाबहाद्दर, त्यामुळे शाईचं पॅड हेच नानाजींचं खरं हत्यार. कोणाच्या अंगठ्यावर विळ्याची जुनी चीर आहे, कोणाचा कापसाच्या बोंडांनी खरवडलाय, हे त्यांना तोंडपाठ होतं. सही कोणीही ठोकतो, अंगठा मात्र ज्याचा त्याचा, असं त्यांचं मत होतं, आणि कोणी विचारलं नाही तरी ते सांगत.

कोरोनानं दीड वर्ष बंद पडलेली शाळा येत्या सोमवारी उघडणार होती. मुख्याध्यापिका शोभा मॅडमनी पालकसभा घेतली होती, एका बाकावर एकच मूल बसेल असे बाक मांडून घेतले होते, आणि घरोघर संमतीपत्रं धाडली होती. अडुसष्ट मुलं. शुक्रवारी दुपारपर्यंत सदुसष्ट कागद आले. राहिला तो आठवीतल्या, नंदाबाईच्या दिपालीचा.

“नंदाबाई नाही म्हणतात तर आपण जबरदस्ती करू शकत नाही, नानाजी,” मॅडम म्हणाल्या. “दिपालीचा अभ्यास फोनवर पाठवत राहू.”

मॅडम चांगल्या होत्या, यवतमाळहून रोज स्कूटीवर येत, मुलांसाठी जीव टाकत. पण त्या घरात आता फोन नव्हता. दिपालीचा बाप गोपाल एप्रिलात दवाखान्यात गेला तेव्हा फोन त्याच्या खिशात होता. ना तो परत आला, ना फोन. पोरगी महिनाभर आईबरोबर लोकांच्या वावरात सोयाबीन सोंगायला जात होती. आठवीत सुटलेली पोरगी पुन्हा शाळेत आली, असं नानाजींनी अठ्ठावीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

आणि नंदाबाईला दोष तरी कसा द्यायचा? एप्रिलात गावानं शाळेच्या खोल्यांत आजाऱ्यांना वेगळं ठेवलं होतं. गोपाल दोन दिवस तीन नंबरच्या खोलीत होता. तिथून त्याला गाडीनं यवतमाळला नेलं आणि चौथ्या दिवशी तो गेला. घरच्यांना तोंडही पाहायला मिळालं नाही. तीन नंबर म्हणजे आठवीची खोली. पालकसभेला नंदाबाई फाटकापर्यंत आली आणि तिथेच थबकली. बाहेरूनच म्हणाली, “तुम्ही चुना मारला असंल, फिनाइल टाकलं असंल. मी त्या खोलीत लेकरू बसवत नाई.” ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

नानाजींना त्या सभेत मान वर करता आली नाही. त्या दोन दिवसांत खोल्यांना पाणी पुरवायची ड्यूटी त्यांचीच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पाण्याचा गडवा तीन नंबरच्या उंबऱ्यावर ठेवला आणि दहा पावलं मागं सरकून हाक मारली, “घे बाप्पा, पाणी.” आतून गोपाल म्हणाला, “नानाभाऊ, उठनं होत नाई. इकडं या न जरा. हातात द्या.” नानाजी गेले नाहीत. घरी म्हातारी आई होती, हे खरं. पण ते घाबरले होते, हे जास्त खरं. लांबून त्यांनी पाहिलं, गोपाल फरशीवरून सरपटत दाराशी आला आणि गडव्यापर्यंत हात लांब केला. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

तीन वाजता दिपाली एकटीच शाळेत आली. चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली, पायांना वावराचा चिखल. व्हरांड्यात नानाजी कागदांची चळत लावत बसले होते. तिनं घडी केलेलं संमतीपत्र पुढं केलं.

“माय तयार झाली?”

तिनं ओढणी आणखी घट्ट केली.

नानाजींनी घडी उघडली. ‘वडिलांची / पालकांची सही’ असं छापलं होतं, त्यावर निळ्या पेनानं लिहिलं होतं: गोपाल. ‘ग’ची काठी वाकडी आणि ‘ल’चं शेपूट पार कागदाच्या कडेपर्यंत ओढलेलं. खाली कालची तारीख.

ती सही त्यांच्या चांगली ओळखीची होती. दिपाली सहावीत असताना प्रगतिपुस्तकासाठी ते गोपालकडे पॅड घेऊन गेले होते. गोपालनं पॅड बाजूला सारलं होतं. “आता हे नाई लागत, नानाभाऊ. मले सही येते. पोरीनं शिकोली.” मग मांडी घालून, जीभ दातांत धरून त्यानं नाव लिहिलं होतं. एवढंसं नाव लिहायला पाच मिनिटं लागली, आणि शेवटच्या अक्षराचं शेपूट तो असं ओढत गेला होता, की संपूच नये. मागं दिपाली उभी होती, परीक्षा घेणाऱ्या बाईसारखी. त्यानंतर आणखी एका प्रगतिपुस्तकावर त्याची सही झाली. मग शाळाच बंद पडली.

“हे तू केलं?”

“हो.”

“कायले केलं, माय?”

“वडिलांची सही लिवलं होतं तिथं.” तिनं मान खाली घातली. “मायनं कागद चुलीपाशी ठेवला होता. जाळून टाकला असता.”

ती परत गेली, आणि कागद त्यांच्या मांडीवर राहिला.

तो चळतीत सरकवला असता तर कोणाला कळलंही नसतं. मॅडम फक्त कागद मोजणार होत्या. हजेरीपटावर पालकाचं नाव अजून गोपालच होतं, ते बदलायचं कोणाला सुचलंच नव्हतं. पोरगी सोमवारी शाळेत आली असती. नानाजींनी कागद चळतीत घातला, पुन्हा काढला. मेलेल्या माणसाच्या नावानं, जित्या बाईच्या मागं, तिचं लेकरू शाळेत ओढायचं. एकदा त्या घरच्या माणसापासून दहा पावलं मागं सरकलो, आता पुन्हा लांबूनच काम उरकायचं का? त्यांना स्वतःची लाज वाटली. मॅडमकडून त्यांनी एक कोरा फॉर्म मागून घेतला, पॅड पिशवीत टाकलं आणि ते निघाले.

नंदाबाई नुकतीच वावरातून आली होती. ओसरीवर बसून पायातले काटे काढत होती. दिपाली चुलीपाशी. नानाजींना पाहून पोरीचा चेहरा उतरला.

“नानाभाऊ, मी एक डाव नाई म्हणलं तं नाई,” नंदाबाई म्हणाली.

“सही घ्याले नाई आलो. हे दाखवाले आलो.”

त्यांनी कागद तिच्यापुढं धरला. नंदाबाईला वाचता येत नव्हतं. पण तिची नजर कागदाच्या खालच्या टोकाला गेली आणि तिथंच राहिली. तिनं पदराला हात पुसले, कागद घेतला, आणि त्या लांब शेपटावरून हळूहळू बोट फिरवत नेलं.

“हे त्यायची सही हाये,” ती म्हणाली. “कवाचा कागद हाये हा?”

नंदाबाईनं वर पाहिलं, आधी नानाजींकडे, मग चुलीकडे. दिपाली पाठ फिरवून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मग आईला कळलं. आता ती पोरीवर धावून जाते, असं नानाजींना वाटलं. नंदाबाई जागची हलली नाही.

“काहून केलं व?”

“मले शाळेत जाचं हाये.”

“त्या खोलीत? तुह्या बापाचे हाल झाले तिथं.”

“म्हनूनच जाचं हाये.” पोरगी रडत रडतच बोलत होती. “तू मले दवाखान्यात नाई जाऊ देल्लं. मसनात जायलं तवाबी नाई जाऊ देल्लं. बाबा कुठं होते ते मी पाह्यलंच नाई. तेवढी एक खोली मले मालूम हाये.”

नानाजींना वाटलं, आता नाही बोललो तर जन्मभर नाही बोलणार.

“नंदाबाई, त्या खोलीचं मलेबी सांगाचं हाये. गोपालनं मले पाणी हातात मांगतलं होतं. मी उंबऱ्यावर ठेवलं अन् मांगं सरलो. तो सरपटत आला. मी पाहत राह्यलो.”

नंदाबाईची नजर कागदावरच होती.

“मालूम हाये,” ती म्हणाली. “शेजारच्या फोनवर सांगतलं होतं त्यायनं. म्हने, नानाभाऊ लय भेले होते. म्हने, त्यायले काही म्हनू नको, त्यायची माय म्हातारी हाये.”

नानाजींनी गळ्यातला गमछा डोळ्यांना लावला. सहा महिने ते या गल्लीतून मान खाली घालून जात होते. आणि हिला सगळं ठाऊक होतं. ते समोरून आले की ही रोज पदर सावरून वाट देत होती.

“आना ते पॅड,” नंदाबाई म्हणाली.

नानाजींनी कोरा फॉर्म गुडघ्यावर धरला. तिचा अंगठा सोयाबीनच्या शेंगांनी सोलवटला होता, शाई लागताच चरचरला असणार. तिनं तो नीट टेकवला. नानाजींना वरून भार द्यावाच लागला नाही.

“हा आता बाद,” जुन्या कागदाकडे हात करत ते म्हणाले. “फाडून टाकतो.”

“फाडू नका. मले द्या.”

“गोपालची खरी सही शाळेच्या कपाटात हाये, नंदाबाई. प्रगतिपुस्तकावर. मॅडमले सांगून ते पान तुमाले आनून देतो.”

“ते राहू द्या तुमच्या कपाटात.” तिनं कागदाची आधीच्याच घडीवर घडी घातली. “त्यात ते एकलेच हायेत. यात दोघं हायेत.”

तिनं उठून कोनाड्यातल्या चिंतामणीच्या तसबिरीमागं कागद ठेवला. तसबीर सरळ केली. दिपालीला म्हणाली, “चूल विझून राह्यली, पाहा.”

सोमवारी नानाजींनी रुळाच्या तुकड्यावर टोले दिले तेव्हा त्यांना स्वतःलाच तो आवाज मोठा वाटला. फाटकात ते मुलांच्या कपाळावर ताप मोजायचं यंत्र धरून उभे होते. शोभा मॅडम हजेरी घेत होत्या. नंदाबाई विळा घेऊन वावराकडे निघाली होती, पण लेकीला सोडायला फाटकापर्यंत आली. दिपाली आत गेल्यावर तीही दोन पावलं आत आली, तीन नंबरच्या दाराकडे तिनं एकदा पाहिलं आणि मग आपल्या वाटेला लागली. तिच्या अंगठ्यावर शाई अजून होती.

पाणी ज्यानं त्यानं घरून आणायचं, असा नियम होता. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी आपापल्या बाटल्या काढल्या. खिडकीजवळच्या बाकावर दिपाली नुसतीच बसली होती. घरात बाटली नव्हती, आणि ती काही मागणाऱ्यातली नव्हती.

नानाजींनी व्हरांड्यातून ते पाहिलं. त्यांनी रांजणातून गडवा भरला आणि ते तीन नंबरच्या खोलीकडे गेले. उंबऱ्याशी त्यांचे पाय थांबले. एप्रिलनंतर चुना मारायला, बाक लावायला ते या खोलीत कितीदा तरी आले होते, पण पाणी घेऊन आजवर नाही. ते आत गेले, बाकांच्या रांगेतून तिच्याजवळ पोहोचले आणि गडवा बाकावर न ठेवता त्यांनी तिच्या हातात दिला.

दिपालीनं मास्क खाली केला आणि ती घटाघट पाणी प्यायली. नानाजी तिथंच उभे राहिले, तिला आणखी लागतं का ते पाहत.